ठोसा बसल्यानंतरचा क्षण

हाणामारीचं चित्र काढताना नवशिके बहुतेक वेळा एकच चूक करतात. मूठ जबड्याला टेकते तो क्षण ते पकडतात. विचार केला तर बरोबरच वाटतं, ठोसा म्हणजे तेच ना! पण कागदावर ते चित्र थिजतं. एक माणूस दुसऱ्याची नेमकी कुठली दाढ दुखतेय ते चाचपून बघतोय, असं काहीसं दिसतं.

अमेरिकन कॉमिक्सचा चित्रकार सॅल बुसेमा त्याच्या पुढचा क्षण काढायचा. मारणाऱ्याचा हात जबडा ओलांडून केव्हाच पलीकडे गेलाय, खांदा हनुवटीखाली आलाय, पुढचा पाय जमिनीत रुतलाय आणि मागच्या पायाची टाच सुटलीय. ज्याला ठोसा बसला तो हवेत आहे. हातपाय चारी दिशांना फेकलेले, मान मागे, छाती आपल्या बाजूला, बऱ्याचदा सरळ वाचकाच्या अंगावर येणारा. मूठ जिथे लागली तिथे आता कुणीच नाही, फक्त फटाका फुटल्यासारखा एक पांढरा तारा. ठोशाचं वजन दोघांमधल्या त्या रिकाम्या जागेतून कळतं.

मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स-प्रकाशनाच्या जुन्या वाचकांत हा प्रकार ‘सॅल बुसेमा पंच’ म्हणूनच ओळखला जातो. ठोशाला स्वतःचं नाव मिळालेला हा चित्रकार. पण थोर कॉमिक्स-चित्रकारांची नावं मोजायला बसलं की जॅक कर्बी, जॉन बुसेमा, नील ॲडम्स, जॉन बर्न, फ्रँक मिलर इथवर हाताची बोटं संपतात आणि सॅल राहून जातो.

पूर्ण नाव सिल्व्हिओ बुसेमा, जन्म २६ जानेवारी १९३६, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. जॉन बुसेमा हा त्याचा आठ वर्षांनी थोरला भाऊ. १९७८ साली मार्व्हलचा लेखक-संपादक स्टॅन ली याच्याबरोबर ‘मार्व्हलच्या पद्धतीने कॉमिक्स कसं काढावं’ हे शिकवणारं पुस्तक ज्याच्या नावावर आलं तोच हा जॉन, म्हणजे घरातच मापदंड बसलेला. सॅल सक्तीच्या भरतीत लष्करात गेला आणि व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉयरला सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी चित्रं काढत बसला. नंतर वॉशिंग्टनच्या आसपास जाहिरात-व्यवसायातली कामं. मार्व्हलमध्ये आला तो १९६८ साली, बत्तिशीत. सुरुवातीलाच थोरल्या भावाच्या पेन्सिलवर शाई फिरवली (सिल्व्हर सर्फर, अंक ४, फेब्रुवारी १९६९) आणि त्याच वर्षी ॲव्हेंजर्सच्या ६८व्या अंकापासून स्वतःची पेन्सिल हातात घेतली.

त्या लष्करी कामाची छाप मला त्याच्या पुढच्या प्रत्येक पानावर दिसते. प्रशिक्षणाच्या चित्रात सौंदर्य बिघडलं तरी चालतं, पण कुठला खटका कुणीकडे फिरवायचा हे समोरच्याला पहिल्या नजरेत कळायलाच हवं. सॅलच्या कॉमिक्समध्ये कुठलीही चौकट दुसऱ्यांदा बघावी लागत नाही. कोण कुठे उभा आहे, दार कुठल्या बाजूला आहे, बंदूक कोणाच्या हातात आहे, हे वाचकाला कळून तो पुढे गेलेलाही असतो. आणि म्हणूनच कौतुक करायला तो थांबत नाही.

कामाचा आकडा आधी बघू. अधलेमधले तुरळक अंक सोडले तर: डिफेन्डर्स अंक १ ते ४१ (१९७२ ते १९७६). हल्क अंक १९४ ते ३०९, डिसेंबर १९७५ ते जुलै १९८५. रॉम अंक १ ते ५८, १९७९पासून १९८४पर्यंत. स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन अंक १३४ ते २३८, जानेवारी १९८८ ते सप्टेंबर १९९६. त्याखेरीज लेखक स्टीव्ह एंगलहार्टबरोबरचा कॅप्टन अमेरिका, न्यू म्युटंट्सचे अंक ४ ते १७, लेखक वॉल्टर सायमनसनबरोबरचा थॉर. १९७६च्या सुमारास हल्क, डिफेन्डर्स आणि मार्व्हल टीम-अप ही तिन्ही मासिकं एकाच वेळी त्याच्याकडे होती. त्या काळी एका अंकात १७-१८ पानांची कथा असे. तिन्ही मिळून पन्नासेक पानं झाली. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरा: रोजची दोन पानं, प्रत्येकी पाच-सहा चौकटी. सर्दी झाली, पाहुणे आले, लाइट गेली, तरी दहा-बारा चौकटी.

याची किंमत कळायला उलट बाजू माहीत हवी. छपाईच्या वेळापत्रकात जागा ठरलेली असते. पानं उशिरा आली तर छापखाना दंड लावतो, आणि आलीच नाहीत तर संपादक कपाटातली जुनी कथा काढून पुन्हा छापतो. मार्व्हलने या संकटाला स्वतःच थट्टेने ‘ड्रेडेड डेडलाइन डूम’ असं नाव ठेवलं होतं आणि वाचकांची माफी मागताना ते छापलंही जायचं. गोष्ट ऐन रंगात आलेली असताना मध्येच तीन वर्षांपूर्वीचा अंक हातात पडला की वाचकाचा जो विरस होतो, तो सॅलच्या मासिकांत क्वचितच झाला. संपादकासाठी असा माणूस म्हणजे महिन्याचा पगार. मात्र पगार वेळेवर झाला म्हणून कुणी पेढे वाटत नाही.

नुसता वेगच असता तर हे सगळं लिहायचं कारण नव्हतं. वेगात काढलेली पानं वाचली का जातात हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी मार्व्हलची कामाची पद्धत समजून घ्यावी लागते. तिथे चित्रकाराला तयार संवाद मिळत नसत. लेखक कथानक द्यायचा, कधी दोन-चार पानं टाइप करून तर कधी फोनवर बोलून. त्याची पानं पाडायची, पानांच्या चौकटी पाडायच्या, कुठे थांबायचं आणि कुठे पळायचं, हे सगळं चित्रकाराचं काम. पानं काढून झाली की लेखक ती समोर ठेवून संवाद लिहायचा. मग अक्षरकार, मग शाई, मग रंग. म्हणजे निम्मी पटकथा चित्रकारच लिहायचा, पण श्रेयाच्या ओळीत त्याच्या नावापुढे फक्त ‘पेन्सिल’.

या पद्धतीत गडबडी ठरलेल्या असतात. पहिली: सुरुवातीला ऐसपैस पसरायचं आणि शेवटच्या तीन पानांत सगळं युद्ध कोंबायचं. दुसरी: संवादाला जागा न ठेवणं. संवाद नंतर येणार म्हणून चित्रकार चौकट काठोकाठ भरतो आणि मग संवादाचा फुगा कुणाच्या तरी कपाळावर बसतो. तिसरी: आधी बोलणारा माणूस उजवीकडे काढला जातो. फुगे डावीकडून वाचायचे असल्यामुळे दोन्ही फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात आणि कोण काय बोललं ते कळेनासं होतं.

सॅलच्या पानांत या तिन्ही गोष्टी जवळजवळ सापडत नाहीत. चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा तो साधा ठेवतो: आभाळ, भिंत, धूर. आधी बोलेल असा माणूस डावीकडे. प्रसंग बदलला की पहिली चौकट लांबून, त्यात जागा, माणसं आणि त्यांच्यातलं अंतर दिसलं पाहिजे. मग कमरेपर्यंतची चौकट, मग चेहरा, आणि मारामारी सुरू व्हायच्या आत पुन्हा एकदा लांबून. चौकटींच्या कडा सरळ. कॅमेरा बहुतेक वेळ माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यामुळे तो जेव्हा कॅमेरा जमिनीला टेकवतो आणि हल्क वरून अंगावर येतो, तेव्हा पोटात गोळा येतो. प्रत्येक चौकट तिरकी असती तर हा परिणाम उरलाच नसता.

स्टीव्ह गर्बरने डिफेन्डर्स लिहायला घेतल्यावर या साधेपणाची खरी कसोटी लागली. गर्बरच्या डोक्यातून काय निघेल याचा नेम नसे. डोक्याच्या जागी लाल गोळा असलेली रूबी थर्सडे, एकाच्या देहात दुसऱ्याचा मेंदू, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे हातात पिस्तूल घेतलेलं एक बुटकं परीकथेतलं पात्र; ते कुठेही उगवतं, अनोळखी माणसांना गोळी घालतं आणि मूळ कथेशी काहीही संबंध न ठेवता निघून जातं. असल्या मजकुराला चित्रंही विक्षिप्त असती तर सगळंच हवेत गेलं असतं. सॅल ते पिस्तूलवालं पात्र बस-कंडक्टर काढावा इतक्या गंभीरपणे काढतो. तबल्याच्या साथीला ठेका सोडणारा माणूस नसला की गवई कितीही लांबची तान घेऊन समेवर येऊ शकतो, तसं काहीसं. वाचकांनी आठवण ठेवली ती गर्बरच्या तानांची.

कॅप्टन अमेरिकाचा १७५वा अंक (जुलै १९७४) अवश्य बघा. वॉटरगेटचे दिवस; अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन त्या प्रकरणाच्या चौकशीत अडकलेले. सीक्रेट एम्पायर नावाच्या कटाच्या सूत्रधाराचा पाठलाग करत कॅप्टन थेट व्हाइट हाउसमध्ये शिरतो. तिथे सूत्रधाराचा बुरखा निघतो, पण त्याचा चेहरा वाचकाला दाखवला जात नाही; तो कुणाचा हे कॅप्टनच्या धक्का बसलेल्या चेहऱ्यावरून ओळखायचं. मग तो माणूस स्वतःवर गोळी झाडून घेतो. नाव कुठेच नाही आणि कळायचं ते सगळ्यांना कळतं. संपूर्ण राजकीय भाष्य एका चेहऱ्यावरच्या प्रतिक्रियेवर उभं आहे, आणि ते पेलणारा चेहरा सॅलने काढला. पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, निक्सन राजीनामा देऊन पायउतार झाले. या कथेबद्दल लिहिलं जातं तेव्हा पानभर एंगलहार्ट असतो. ते योग्यच आहे. पण सॅलला निदान एक परिच्छेद तरी हवा.

आता शाईकडे येतो, कारण सॅलबद्दलचे निम्मे गैरसमज तिथले आहेत.

पेन्सिलचं काम तीन पातळ्यांवर दिलं जातं. पूर्ण पेन्सिल म्हणजे काळे भाग, सावल्या, कापडाच्या चुण्या, सगळं ठरवून दिलेलं. इंकर त्यावर रेघ फिरवतो. ब्रेकडाउन म्हणजे आकृती आणि रचना नेमकी, पण काळे भाग आणि पोत रिकामे. ते इंकरने भरायचे. लेआउट म्हणजे नुसता सांगाडा. श्रेयात ब्रेकडाउन लिहिलेलं असेल आणि दुसऱ्या नावापुढे ‘फिनिश’ असेल, तर पानाचा पृष्ठभाग त्या दुसऱ्या माणसाचा आहे असं समजावं. सॅलकडून वर्षानुवर्षं ब्रेकडाउन करून घेतली गेली, कारण त्यात तो भरधाव आणि बिनचूक होता. परिणाम असा की एकच चित्रकार दर दोन वर्षांनी वेगळा दिसतो.

हल्कवरच हे तपासता येतं. सुरुवातीच्या अंकांत जो स्टॅटनची शाई आहे: गोलसर, लवचिक रेघ, हल्क थोडा रबरी, थोडा गमतीदार. मग एर्नी चॅन येतो. फिलिपिनो परंपरेतली दाट रेघारेघ, प्रत्येक स्नायूवर सावली. हल्क एकदम दगडी होतो. शेवटच्या काळात जेरी टॅलॉक: खरखरीत, सुकलेल्या ब्रशसारखी रेघ. तिन्ही अंक शेजारी ठेवा आणि डोळे बारीक करा. पृष्ठभाग विरघळतो आणि खाली तोच सॅल: तीच मागे झुकलेली कंबर, तोच पसरलेला पंजा, तीच मोकळी जागा. कॅप्टन अमेरिकाच्या त्या अंकांवर व्हिन्स कोलेटाची शाई आहे. वेळ वाचवायला मागचे तपशील खोडून टाकण्याबद्दल कोलेटा प्रसिद्धच होता. पार्श्वभूमी ओकीबोकी दिसली म्हणून सगळा दोष पेन्सिलवर टाकण्याआधी इंकरचं नाव वाचावं, ते याच कारणासाठी.

यात कुठला इंकर सॅलला सर्वांत शोभला? रॉममध्ये जो सिनटने केलेले अंक आणि नंतरचे इअन एकिन-ब्रायन गार्व्ही जोडीचे अंक देखणे आहेत, रॉमच्या चिलखतावरची चमक तर खासच. तरीही माझं मत सॅलच्याच बाजूने पडतं. स्वतःच्या पेन्सिलवर स्वतःची शाई असते तेव्हा तो कमी देखणा आणि जास्त खरा असतो.

ते बघायचं तर स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन. इथे १९९०च्या आसपास एक विलक्षण गोष्ट घडते. पन्नाशी ओलांडलेला, वीस वर्षं एकाच घरात राबलेला चित्रकार आपली रेघ बदलतो. गोलाई जाते, कोन येतात. सुरकुत्या ब्रशच्या एका फटकाऱ्यात. चेहऱ्याचा अर्धा भाग सरळ काळा. त्याच काळात शेजारच्या मासिकांत टॉड मॅकफार्लेनच्या शैलीची लाट होती: असंख्य बारीक रेघा, दोरखंडासारखी जाळी, मोडून-वाकवून बसवलेली शरीरं. सॅलचा स्पायडर-मॅन त्या गर्दीत जुनाट दिसला. आज तीच पानं बघताना बाकीच्यांचं वय जाणवतं.

जे. एम. डिमॅटिसने लिहिलेली अंक १७८ ते १८४ (१९९१-९२) ही कथामाला घ्या. विषय लहानपणी झालेल्या अत्याचारांचा. व्हर्मिन हा उंदरासारखा झालेला माणूस आणि बापाच्या भुताने पछाडलेला हॅरी ऑसबर्न, पीटर पार्करचा, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनचा, मित्र. हाणामारी आहे, पण कथा चालते ती चेहऱ्यांवर. हॅरीचा चेहरा सॅल तीन वेगळ्या प्रकारांनी काढतो. घरी असताना भुवया उंच, तोंड मऊ. तोल सुटताना खालचे दात दिसायला लागतात, मान ताणलेली. आणि भास होत असताना डोळ्यांची बुबुळं लहान होऊन भोवती पांढरं दिसतं. शब्द झाकून वाचलं तरी हॅरी कुठल्या पायरीवर आहे ते कळतं.

पीटरची अडचण उलटी. मुखवट्याला चेहराच नाही. तिथे सगळं काम मान आणि खांदे करतात. सॅलचा खचलेला स्पायडर-मॅन ओळखायचा तो हनुवटी गळपट्टीपर्यंत आलेली, खांदे कानांजवळ आणि हातांची बोटं अर्धवट मिटलेली यावरून. वळलेली मूठ म्हणजे राग आणि पूर्ण उघडा हात म्हणजे शरणागती; ती अर्धवट बोटं दोन्हींच्या मध्ये अडकलेली असतात.

मग येतो अंक २००, मे १९९३. हॅरी पीटरला मारायला निघालेला असतो आणि शेवटी त्यालाच वाचवतो. अंगात भिनलेलं रसायन हॅरीचाच जीव घेतं. तो जातो रुग्णवाहिकेत, पीटर शेजारी असताना. त्यानंतरच्या पानांवर एकही फुगा नाही, एकही मजकूर नाही. डिमॅटिसने नंतर सांगितलंय की तिथे शब्द घालायचा त्याचा विचार होता, पण सॅलची पानं हातात आल्यावर त्याने तो सोडून दिला. बाहेर थांबलेली माणसं, एकमेकांना धरणं, आणि शेवटच्या चौकटीत दोन मित्रांचा हसरा जुना फोटो. चौकटी नेहमीसारख्याच सरळ आहेत. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवरच आहे. पाऊस नाही, हातांच्या मुठी आकाशाकडे नाहीत. मार्व्हलच्या पद्धतीत लेखकाचा हात पानावरून शेवटी फिरतो, आणि इथे लेखकाने तो फिरवलाच नाही. चित्रकाराला याहून मोठी दाद मिळत नाही.

दोष सांगायलाच हवेत, नाहीतर हे लिखाण म्हणजे निवृत्तीच्या समारंभातलं भाषण होईल. सॅलने काढलेल्या बायका एकमेकींच्या बहिणी वाटतात. केस बदलले की पात्र बदललं. किंचाळणारं तोंड हा त्याचा हुकमी पत्ता, दोन्ही दंतपंक्ती दाखवणारं, आणि घाईच्या महिन्यात तो दर दोन पानांना टाकला जातो. यंत्रं आणि अंतराळयानं खोक्यांसारखी. शहर म्हणजे उभे चौकोन आणि त्यांत खिडक्यांचे ठिपके. फेकल्या जाणाऱ्या माणसाची ती फाकलेली पोझ वीस वर्षांत इतक्या वेळा आली की ती सही आहे की शिक्का, असा प्रश्न पडावा. न्यू म्युटंट्स या किशोरवयीन नायकांच्या मासिकावर तर तुलना फारच वाईट झाली: सॅलनंतर १९८४ साली १८व्या अंकापासून बिल सिएन्केविच आला आणि त्याने कॉमिक्सची भाषाच उलटीपालटी केली. आज त्या मासिकाची चर्चा तिथूनच सुरू होते. सिएन्केविच थोर आहेच. पण ती मुलं कोण, कशी चालतात, कोण कोणाशेजारी उभं राहतं, हे आधीच्या अंकांतून वाचकाच्या अंगवळणी पडलं होतं, म्हणून त्याला ती मुलं मोडता-तोडता आली.

अलक्षित राहण्याचं एक निव्वळ कायदेशीर कारणही आहे. रॉम हे मुळात पार्कर ब्रदर्सचं खेळणं. खेळणं चाललं नाही, कॉमिक चाललं. पुढे परवाना संपला आणि ती पन्नासहून अधिक अंकांची मालिका पुन्हा छापताच येईना. संग्रह निघू लागले ते थेट २०२४मध्ये. एखाद्या चित्रकाराच्या उमेदीतलं पाच वर्षांचं काम दुकानात मिळतच नसेल, तर नव्या वाचकाने त्याला ओळखायचं कसं?

सॅलकडून शिकायचं असेल तर कुठून सुरुवात करावी? नव्या चकचकीत कागदावरच्या संग्रहांतून नको. जुने रंग मऊ, पिवळसर वृत्तपत्री कागदासाठी बेतलेले होते; पांढऱ्याशुभ्र कागदावर ते भडक होतात आणि नजर रेघेकडे जातच नाही. मार्व्हलने पूर्वी ‘इसेन्शियल’ नावाने कृष्णधवल जाडजूड खंड काढले होते. हल्क, डिफेन्डर्स, कॅप्टन अमेरिका, स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन, यांचे बरेच जुने अंक त्यात आहेत. छपाई आता बंद आहे, पण जुन्या पुस्तकांच्या बाजारात सापडतात. रेघ बघायला त्याहून चांगलं साधन नाही. तेही नाही मिळालं तर डिजिटल पान घ्या आणि रंगाची मात्रा शून्यावर आणा.

मूळ पानावरच्या चित्राचं माप १० बाय १५ इंच, म्हणजे २५४ बाय ३८१ मिलिमीटर. छापील पानाच्या सुमारे दीडपट. आपला ए-३ कागद (२९७ बाय ४२०) यासाठी सोयीचा. डाव्या-उजव्या बाजूला साडेएकवीस आणि वर-खाली साडेएकोणीस मिलिमीटर समास सोडला की तेच माप हातात येतं. कार्ट्रिज शीट जाडसर घ्यावी, पातळ कागद शाईने फुगतो. झेरॉक्सवाल्याकडे ए-३चं ए-४ केलं की प्रत ७१ टक्क्यांवर येते, साधारण छापील आकाराइतकी. ही पायरी टाळू नका. मोठ्या कागदावर ऐटदार वाटणाऱ्या केसाएवढ्या रेघा लहान झाल्यावर गायब तरी होतात नाहीतर एकमेकींत मिसळून डाग होतात. सॅलची जाड बाह्यरेषा आणि मोकळा आतला भाग हा आळस नव्हता. खराब कागद आणि सरकलेले रंग यांतूनही आकृती शाबूत राहावी, यासाठीची ती तजवीज होती.

पान निवडा ते मारामारीचं, पाच-सहा चौकटींचं. त्यावर बटर पेपर ठेवून तीन वेगळे कागद करा. पहिल्यावर फक्त प्रत्येक शरीराची मुख्य वळणरेषा: डोक्यापासून जमिनीवर टेकलेल्या पायापर्यंत एकच रेघ. दुसऱ्यावर फक्त काळे भाग, आत काही न काढता. तिसऱ्यावर फुगे आणि वाचकाची नजर ज्या वाटेने जाते ती वाट. पहिल्या कागदावर लक्षात येईल की मारणाऱ्याची रेघ आणि मार खाणाऱ्याची रेघ एकमेकींपासून लांब पळताहेत, कंसाच्या दोन बाजू उलट्या ठेवल्यासारख्या. तिसऱ्यावर दिसेल की फेकलेला माणूस जवळजवळ नेहमी पुढच्या चौकटीच्या दिशेने फेकलाय. तो उडतो आणि जाताना आपली नजरही घेऊन जातो.

मग मूळ बाजूला ठेवून तोच प्रसंग स्वतः काढा. पेन्सिलला एचबी, शाईला कुठलीही वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक, ब्रश दोन किंवा तीन नंबरचा गोल. पेनने सुरुवात केली की हात आपोआप बारीक रेघांकडे वळतो, म्हणून पहिली दहा पानं तरी ब्रशच. एका पानाला चार तास लावून घड्याळ समोर ठेवा. चार तासांत संपलं नाही तर जिथे असेल तिथे थांबा आणि दुसऱ्या दिवशी नवं पान घ्या. अर्धवट पान रंगवत बसू नका. काय टाळता येतं ते या सक्तीतूनच कळतं: मागची वीट, बुटाची नाडी, पाचव्या चौकटीतली खिडकी.

ठोशाच्या चौकटीत मूठ आणि जबडा यांच्यात निदान एका डोक्याएवढं अंतर ठेवा. मार खाणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले हवेत, आणि त्याचं एक तरी पाऊल आपल्या बाजूला मोठं दिसायला हवं. एवढं करूनही दोघं दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखे वाटले, तर ज्याला लागलंय त्याला खोडून आणखी एक डोकं लांब सरकवा.